नोंदवहीत नसलेलं गवत

माझे गुडघे जिन्याचं नाव काढलं की कुरकुरतात, आणि ‘जैवविविधता’ हा शब्द कानावर पडला की मी कुरकुरते. दोन्ही दुखणी नोकरीतलीच. अकोल्याला जठारपेठेत राहायचं आणि अमरावतीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचं, असं मी जवळजवळ तीस वर्षं केलं. सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो, मग तासन् तास उभं राहून बोलायचं, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या दिशेनं. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, बसणार. त्यांना वाटलं मॅडम विनोद करतात.

बसायला मिळालं नाही, ते एका नोंदवहीमुळे. ही नोंदवही म्हणजे काय ते आधी सांगते. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या शिवारात काय काय जगतं ते लिहून ठेवायचं: झाडं, गवतं, मासे, पाखरं, पिकांची जुनी वाणं, कोणत्या पाल्यानं काय बरं होतं हे गावात कोणाला ठाऊक आहे, सगळं. गावच्याच लोकांची समिती करायची, त्यांनीच सांगायचं, आणि पुढे त्या जमिनीचं काही बरंवाईट करायची वेळ आली तर आधी ही वही उघडून बघायची. कल्पना चांगली आहे. मला ती अजूनही चांगलीच वाटते, आणि त्याचाच जास्त शीण येतो. वाईट कल्पनेला माणूस चार शिव्या घालून मोकळा तरी होतो.

सगळ्या गावांना भरायला सोपं जावं म्हणून आधी एका गावाची वही नमुना म्हणून करायचं ठरलं. ते काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते हौसेनं गळ्यात घालून घेतलं. पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं एक गाव मी निवडलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं गाव. रविवार आले की कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन जायची. तिथल्या एका म्हाताऱ्या आजीनं पावसाळाभर आम्हाला बांधाबांधानं हिंडवून दमवलं. तरोटा, चिवळ, कुंजर, हरणदोडीची फुलं, एकेक भाजी दाखवायची आणि माझीच परीक्षा घ्यायची. मी शास्त्रीय नाव सांगितलं की म्हणायची, “ते राहू दे. शिजवाची कशी ते सांग.” नदीवर जाळी टाकणाऱ्यांकडून मरळ, वाम, झिंगे असं एकेक लिहून घेतलं. त्या गावात गुरं चारायला मोकळी जमीन उरलेली नव्हती, कधीच शेतांत मिसळून गेली होती. म्हणून त्या रकान्यात मी लिहिलं, ‘चराऊ जमीन: नाही.’ त्या वहीत एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या आयुष्यात मी मन लावून केलेल्या दोन-तीन कामांपैकी ते एक.

मग वरून मुदत आली. एवढी वर्षं जे कोणाला आठवलं नव्हतं ते आता महिनाभरात सगळ्या गावांत झालं पाहिजे, असं फर्मान. काम एका एजन्सीला दिलं गेलं. सूचना होती, ‘नमुन्याप्रमाणे भरावे.’ एजन्सीनं ती शब्दशः पाळली. माझ्या वहीतलं गावाचं नाव पुसलं आणि तिथे दुसऱ्या गावाचं नाव टाकलं. मग तिसऱ्या, मग चौथ्या. अशानं माझी ती तरोटावाली आजी एकाच वेळी कितीतरी गावांत राहायला गेली आणि सगळीकडे त्याच त्या भाज्या खुडू लागली.

त्या वह्या सहीसाठी माझ्याकडे आल्या. ‘तज्ज्ञ’ म्हणून शेवटच्या पानावर माझी सही हवी होती. स्टाफरूमच्या टेबलावर सुतळीनं बांधलेले गठ्ठे, आणि सहीच्या पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, म्हणजे बाकीची पानं उघडायची तसदी नको. मी तरी उघडली. बार्शीटाकळीच्या पुढच्या, डोंगराच्या अंगाच्या एका गावाची वही होती. तिथला नाला दिवाळीआधी कोरडा पडतो हे मला माहीत होतं. आत मासे लिहिलेले: मरळ, वाम, झिंगे.

मी मोठ्यानं हसले. सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, आपल्या पूर्णेची मरळ डोंगर चढून गेली बघा. सगळे हसले. गठ्ठे घेऊन आलेला एजन्सीचा माणूसही हसला आणि म्हणाला, “मॅडम, नंतर दुरुस्ती होते ना. आता फक्त मुदत आहे.” प्राचार्य दारातून डोकावून म्हणाले, “वरून सारखे फोन येऊन राहिले, करून टाका.” मला अडीचला प्रॅक्टिकल होतं. सहाची गाडी होती. घरी सासूबाई आजारी होत्या. अशी कारणं माणसाला त्या वेळी बरोब्बर सुचतात. मी सह्या करत सुटले. मध्ये पेनातली शाई संपली, तर कोणीतरी तत्परतेनं दुसरं पेन पुढे केलं. चहा आला, तो घेतला. नंतर एका कार्यक्रमात या कामासाठी मला शाल-श्रीफळ दिलं. नारळाची चटणी झाली, शाल कपाटात आहे.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. कंटाळा आला होता, इतकंच.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, आषाढात, सकाळी नऊच्या सुमाराला एक बाई दारात आल्या. यजमानांनी दार उघडलं आणि आत येऊन म्हणाले, “तुझी सही घेऊन कोणीतरी आल्या आहेत.” मला वाटलं एखाद्या जुन्या विद्यार्थिनीची आई असेल. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, पदर खोचलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले झेरॉक्सचे कागद. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं.

“ही सही तुमचीच व्हय ना, मॅडम?”

मी हो म्हटलं.

“मंग आमच्या गावात मरळ कुठी भेटते ते सांगा. आमी बी खाऊ.”

डोंगराच्या अंगाचं तेच गाव होतं. त्या दिवशी मी हसले होते ते या बाईंच्या गावाला हसले होते.  त्या मात्र रागावलेल्या दिसत नव्हत्या. एकेक पान उलटून दाखवत होत्या.

“हे पाहा. समितीत मले बी टाकलं हाये. सदस्य म्हनून माहं नाव हाये. मले कोनी सांगतलंच नाही. आनं हे पाहा,” त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “चराऊ जमीन नाही म्हन्ते. मंग माह्या बकऱ्या काय आभायात चरतात?”

हकीकत अशी होती. त्यांच्या गावाला लागून एक मोठा माळ आहे. सरकारी चराऊ जमिनीला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात, त्यातला. त्या सगळ्या माळावर वृक्षलागवड करायची, भोवती तारेचं कुंपण घालायचं आणि पुढची काही वर्षं चराई बंद, असा प्रस्ताव आला होता. गावानं हरकत घेतली तर ऑफिसात नोंदवही उघडली गेली आणि सांगण्यात आलं की तुमच्याच वहीप्रमाणे गावात चराऊ जमीनच नाही, हे पडीक आहे. बाईंनी अर्ज करून वहीची नक्कल मिळवली, दहावीपर्यंतच्या शिक्षणाच्या जोरावर दोन दिवस बसून सगळी वाचली, आणि सहीवरून माझा पत्ता शोधत बार्शीटाकळीहून काळ्यापिवळ्या जीपनं अकोला गाठलं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेत नाही. बकऱ्यांवर त्यांनी दोन मुलं वाढवली. थोरला पुण्याकडे कंपनीत लागला, धाकटी अमरावतीला क्लास लावून परीक्षा देते. माळ गेला तर बकऱ्या विकायच्या आणि या वयात दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचं. वस्तीतल्या आणखी आठ-दहा घरांचं तेच. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. ती ओळ दुरुस्त करून माळ वाचवून द्या.

“तुमीच लिवलं, तुमीच खोडा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं ते इतकं सोपं होतं, आणि खरं म्हणजे ते तितकंच सोपं असायला हवं होतं.

दोन दिवसांनी मी माळ बघायला गेले. बाई पुढे, बकऱ्या त्यांच्या पुढे, मी मागे गुडघे सांभाळत. पहिल्या शंभर पावलांत माझ्या साडीच्या काठाला गेल्या वर्षीच्या वाळक्या कुसळीची कुसळं चिकटली. पाऊस पडून गेलेला, हिरवं कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं. पवन्या, मारवेल, कुसळी, ओलीच्या जागी कुंदा. मी वाकून बघत होते आणि मनात नावं जुळवत होते. बाईंना नावं ठाऊक होतीच, पण त्या ती बकरीच्या तोंडानं सांगत. “कुसळी कवळी हाये तवर गोड. दसऱ्याच्या टायमाले काटा होते, मंग बकरीच्या व्हटाले टोचते. मंग आमी तिकडं वरच्या अंगानं नेत नाही.” पायाखालून एक लावा भर्रकन उडाला. थोडं पुढे टिटवीनं आमच्या नावानं शंख केला, म्हणजे तिचं घरटं जवळ होतं. बाईंनी बकऱ्यांना हाळी देऊन वळवलं आणि माझाही हात धरून मला बाजूला घेतलं.

माळाच्या मधोमध एक दगडांची ओळ होती. कुंपण नव्हे, नुसते हातभर अंतरावर ठेवलेले धोंडे. बकऱ्या त्या ओळीशी येऊन थांबल्या नाहीत, पण बाई थांबल्या आणि एकेकीला माघारी हाकलत राहिल्या. मी विचारलं, पलीकडे का नेत नाही?

“ते पोळ्यापर्यंत बंद असते. जीव धरू द्या लागते ना त्याले. पुढच्या साली हे बंद, ते चालू.”

“कोणी ठरवलं?”

“कोनी ठरवाचं काय त्याच्यात? आमची सासू बी असंच करे.”

कोणी ओळ ओलांडून चारली तर? तर वस्तीतल्या बाया तिच्याशी चार दिवस बोलत नाहीत, एवढीच शिक्षा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत असतात त्याच सकाळी, सगळ्या बाया आपापल्या बकऱ्या घेऊन एकदम त्या राखलेल्या बाजूला उतरतात. त्या दिवशी कोणी डबा नेत नाही. गवतातच चूल मांडून खिचडी होते. माळ राखण्याची ही अख्खी पद्धत कुठल्याही कागदावर नव्हती. माझ्या सहीच्या वहीत तर नव्हतीच नव्हती. तीस वर्षं मी फळ्यावर चौकोन काढून शिकवलं होतं की गवताळ प्रदेश म्हणजे रिकामी जागा नाही, झाडं नसणं म्हणजे उजाड नाही, मुरमावर वीतभर माती असेल तिथे गवतच शोभतं. परीक्षेत त्याला पाच गुण असत. मला त्या माळावर उभं राहून स्वतःची इतकी लाज वाटली की मी बाईंकडे पाणी मागायचं निमित्त केलं आणि दगडावर बसले.

“झाडं लावाले मी नाही म्हनत नाही,” बाई म्हणाल्या. “गावात लावा, रस्त्यानं लावा. लिंब लावा, चिच लावा. पन इथंच कावून?”

दुरुस्तीचा अर्ज मी लिहिला. ग्रामसभेचा ठराव जोडला. गवतांची यादी, पाखरांची यादी, त्या दगडांच्या ओळीची हकीकत, सगळं चार पानांत. बाईंना बरोबर घेऊन ऑफिसात नेऊन दिलं. कोणतं ऑफिस, कुठलं, ते लिहीत नाही. आपल्याकडची ऑफिसं नावानं वेगळी असली तरी आतलं टेबल एकच असतं. तिथल्या साहेबांनी कागद वाचले आणि बाईंना विचारलं, “दुर्मीळ असं काही आहे का तिथं? म्हणजे एखादा पक्षी, प्राणी? तसं असेल तर वेगळं प्रकरण होतं. नुसत्या गवतावर थांबवता येत नाही.” सुनावणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

हा प्रश्न गावात पोचला आणि तिथून सगळं अवघड झालं. कारण त्याचं उत्तर गावाकडे होतं, पण जुनं होतं. तणमोर. गवतात राहणारं, कोंबडीएवढं पाखरू. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पुन्हा खाली पडतो, पुन्हा उडी. आता ते फार कमी उरलं आहे. म्हातारी माणसं सांगत होती, आमच्या लहानपणी या माळावर होता. एकानं तर त्याच्या उड्या कशा असत ते ओट्यावरून उतरून करून दाखवलं.

मी शोधायला गेले. त्या पावसाळ्यात किती सकाळी गेले ते मोजलं नाही, पण यजमान म्हणाले की नोकरीत असताना तू एवढ्या पहाटे कधी उठली नव्हतीस. पहिल्या एसटीनं जायचं, बाई फाट्यावर उभ्या असायच्या, मग दोघींनी दगडांच्या ओळीपाशी चिखलात बसायचं. चंडोल वर चढून गायचा. एकदा रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आला, आमच्याकडे बघून शहाण्यासारखा निघून गेला. ससे दिसले. घोरपड दिसली. तणमोर दिसला नाही. गुडघे सुजले, डॉक्टरनं चिखलात बसू नका म्हणून सांगितलं. पोळा झाला, खिचडीला मला बोलावलं, मी गेले आणि दोन वेळा वाढून घेतलं. भाद्रपद संपत आला तेव्हा मी शोधणं थांबवलं.

दिवाळीनंतर सुनावणीच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बैठक झाली. दुपारची वेळ होती, पंधरा-वीस बाया, चार-पाच पुरुष. सगळ्यांनी आधीच काहीतरी ठरवलेलं आहे हे मला चेहऱ्यांवरूनच कळलं. एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तनमोर लिहून टाका.” दुसरे म्हणाले, “होताच तो. आज नसन दिसला तर काय झालं.” मग सगळे बाईंकडे बघू लागले, कारण मला आणणाऱ्या त्या होत्या.

बाई म्हणाल्या, “लिवा ना मॅडम. तुमच्या सहीले वजन हाये.”

मी नाही म्हटलं. सरळ नाही म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण शिकवायची खोड जात नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की नोंद पाहिलेल्या गोष्टीचीच करायची असते. एक खोटी नोंद सापडली की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. उद्या कोणी तपासायला आलं आणि पाखरू दिसलं नाही तर गावच खोटं पडेल. शास्त्राला शास्त्राचे नियम असतात. बराच वेळ बोलले. माणसं फार चांगली, कोणी मध्ये बोललं नाही. बोलणं संपल्यावर एकीनं मला चहा दिला. बाई फक्त “बरं” म्हणाल्या आणि ओट्यावरची चटई गुंडाळायला लागल्या.

सुनावणीत मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, ही वही खोटी आहे. मी हे गाव न बघता सही केली, माझी चूक आहे, लेखी देते. मला वाटलं होतं की एवढं बोलायला फार धैर्य लागेल, आणि बोलल्यावर काहीतरी हलेल. साहेब सभ्य होते. त्यांनी माझ्यासाठी पंखा वाढवायला सांगितला.

“मॅडम, तुम्ही प्रामाणिकपणे सांगताय, मला आदर आहे,” ते म्हणाले. “पण ही एक वही चुकीची धरली तर बाकीच्या सगळ्यांवरही तुमचीच सही आहे. सगळ्यांचंच काढावं लागेल. ते माझ्या हातात नाही. तुमच्याही नाही.” मग फाईल चाळत त्यांनी पुन्हा विचारलं, “दुर्मीळ काही आढळलं?”

मी बाईंकडे बघितलं नाही. म्हटलं, “नाही. गवत आहे.”

“ते सगळीकडेच असतं ना?”

“असायचं,” मी म्हटलं.

त्यांनी काहीतरी लिहिलं. आमचा अर्ज आणि ठराव वहीला जोडून ठेवतो म्हणाले, आणि ते खरोखरच जोडलेले आहेत, मी नंतर खात्री करून घेतली. परतीच्या जीपमध्ये बाई खिडकीकडे बसल्या. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. त्या हूं हूं करत राहिल्या. बार्शीटाकळीला मी अकोल्याच्या गाडीसाठी उतरले तेव्हा म्हणाल्या, “सांभाळून जा, मॅडम. गुडघ्याले तेल लावत जा.”

हिवाळ्यात प्रस्ताव मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्याची एक प्रत मलाही पाठवली होती, का कोण जाणे. मी ते वाचलं, घडी घातली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलं. वरच्या ऑफिसला दोन पत्रं लिहिली, त्यांची पोचसुद्धा आली नाही. मैत्रिणी म्हणाल्या, तू तुझ्याकडून केलंस ना, आता सोड. मी सोडलं. थकलेल्या माणसाला सोड म्हटलेलं फार आवडतं.

चैत्रात मला राहवलं नाही. मी बाईंना न कळवता गेले. ऊन असं होतं की फाट्यापासून चालताना दोनदा बाभळीखाली थांबावं लागलं. माळाभोवती सिमेंटचे खांब उभे राहिले होते, तार ओढून झाली होती. आत यंत्रानं खड्डे खणलेले, ओळीनं, एका मापाचे, प्रत्येकाच्या काठावर पांढुरक्या मुरमाचा ढीग. ती धोंड्यांची ओळ कुठून कुठे जात होती ते मला सापडलं नाही. खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यांत वाळलेलं गवत अजून शाबूत होतं, आणि हिवाळ्यापासून आत कोणीच चरलं नसल्यामुळे ते होतं तिथेच आडवं पडलं होतं.

बाई तारेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला होत्या. बरोबर चार बकऱ्या. बाकीच्या विकल्या होत्या हे उघड होतं. बकऱ्या तारेतून तोंड घालून पोचेल तेवढं ओढत होत्या. मला बघून बाई उठल्या. धाकटीची परीक्षा चांगली गेली म्हणाल्या. पुढच्या आठवड्यापासून कामावर जायचं, निंदणाच्या नाही, विटांच्या, असंही म्हणाल्या. बाटलीतलं पाणी आधी मला दिलं. मी दोन घोट घेऊन बाटली परत केली. मग म्हटलं, ताई, मी खरं तेच सांगितलं हो.

“मले मालूम हाये,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खरोखर विचारायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, “पन मॅडम, इतल्या गावांले खोटं चाललं. माह्याच गावाले खरं कावून पायजे होतं?”

  उत्तर मला माहीत होतं. प्राचार्यांनी सही मागितली, एजन्सीनं मागितली, वरच्यांनी फोन करून मागितली, तेव्हा मी खोट्या वह्यांवर गठ्ठ्यानं सह्या दिल्या होत्या, चहा पीत, हसत. पाखरं, मासे, माणसं, काही बघितलं नव्हतं. आणि बकऱ्या चारणाऱ्या एका बाईनं एकच मागितली तेव्हा मला शास्त्र आठवलं.  त्यांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी तारेतून बकरीचं अडकलेलं शिंग सोडवलं, आणि चारही बकऱ्या पुढे घालून डांबरी रस्त्यानं चालायला लागल्या.